पहिलीचा वर्ग पेरूच्या बागेत

शाळेची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती मोटारगाडी. पहाटे अंधारात निघायचे, रात्री उशिरा परतायचे आणि मधल्या वेळात विजापूरचा गोलघुमट, बदामीची लेणी किंवा गोव्याचा समुद्रकिनारा पाहून घ्यायचा, अशी आमच्या सीमाभागातील शाळांची वर्षानुवर्षांची रीत आहे. सहावी-सातवीच्या मुलांना ती मानवते. त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात आदिलशाही असते, अंगात दिवसभराचा प्रवास सोसण्याचे बळ असते आणि घरापासून दूर जाण्याची हौसही असते. पहिली-दुसरीची मुले मात्र त्या दिवशी फाटकाशी उभी राहून हात हलवतात. ‘तुम्ही मोठे व्हा, मग तुम्हालाही नेऊ,’ असे त्यांना सांगण्यात येते आणि ती बिचारी त्यावर विश्वास ठेवून वर्गात परततात.

या मुलांना आणखी चार-पाच वर्षे थांबवून ठेवण्याचे वस्तुतः काहीच कारण नाही. सहा वर्षांच्या मुलाला गोलघुमट दाखवणे व्यर्थ आहे, हे मला मान्य आहे. त्याला तेथे आपल्याच हाकेच्या प्रतिध्वनीखेरीज काही आठवत नाही. परंतु त्याच्या वयाला शोभेल अशी सहल असते. ती शाळेपासून कोस-दीड कोसावर असते, अर्ध्या दिवसात संपते आणि तिला खर्चही फारसा येत नाही. गेली काही वर्षे आम्ही आमच्या शाळेची पहिली-दुसरीची मुले मार्गशीर्षात एका पेरूच्या बागेत फळे तोडण्यासाठी नेत आहोत. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की, शाळेला वर्षातून एकच सहल काढणे शक्य असेल, तर ती सर्वांत लहान वर्गाची काढावी.

हल्लीच्या मुलांना फळ ठाऊक नाही असे कोणी म्हणणार नाही. उलट आमच्या पिढीने नावही ऐकले नव्हते अशी फळे आज बेळगावच्या बाजारात गाड्यावर दिसतात. परंतु फळ ठाऊक असणे आणि फळ कोठून येते ते ठाऊक असणे यांत मोठे अंतर आहे. एकदा पहिलीच्या वर्गात मी सहज विचारले, ‘‘केळे कोठून येते?’’ पुढच्या बाकावरच्या मुलाने तत्परतेने उत्तर दिले, ‘‘शाळेतून!’’ अंडे न खाणाऱ्या मुलांना आमच्याकडे सरकारी योजनेतून केळे मिळते. त्याच्या दृष्टीने ते उत्तर अगदी बिनचूक होते. खेड्यातल्या शाळेची ही कथा, मग शहरातील सदनिकांत वाढणाऱ्या मुलांविषयी काय बोलावे?

आपल्या जुन्या चालीरीतींना ही गोष्ट अवगत होती असे वाटते. संक्रांतीच्या सुमारास लहान मुलांना बोरन्हाण घालतात. बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे असे सारे मुलाच्या डोक्यावरून ओततात आणि भोवती जमलेली मुले ते वेचून घेतात. कर्नाटकातही त्या सणाला मुलांच्या डोक्यावरून बोरे ओतण्याची चाल आहे. एरवी मुलाला फळ बशीत चिरून मिळते. या एका दिवशी मात्र ते जमिनीवर वाकून, दुसऱ्याशी थोडी झटापट करून, स्वतःच्या मुठीत धरून मिळवायचे असते. बोरन्हाणाची छायाचित्रे पाहावीत. ज्याच्या डोक्यावर बोरे पडतात ते बाळ बहुधा रडत असते. खरा आनंद असतो तो वेचणाऱ्यांच्या चेहऱ्यावर.

शिक्षणाच्या क्षेत्रात हा विचार मराठी माणसाला नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. त्या दोघींनी महागड्या परदेशी साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले यांतून मुलांना मोजायला आणि ओळखायला शिकवले. जी आदिवासी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली. आमच्या शाळांत ताराबाईंची तसबीर कोठे कोठे दिसते. पण त्यांच्या कुरणशाळेची आठवण सहलीचे ठिकाण ठरवताना कोणाला होत नाही.

आता प्रश्न असा की, बाग कोणत्या फळाची निवडावी? यावर आम्ही शिक्षकांनी बराच खल केला होता. आंबा हा फळांचा राजा खरा, पण तो मुलांच्या हाताला लागत नाही. तो उतरवायला झेला लागतो आणि झेला धरायला मोठा माणूस. मुलांनी खाली उभे राहून नुसते वर पाहत राहायचे, तर गोलघुमटाने काय पाप केले? खानापूरच्या रानातली करवंदे आणि जांभळे पिकतात तेव्हा शाळेला सुट्टी असते. काजूची बोंडे दिसायला मोहक, परंतु बीच्या टरफलातील तेल कातडीला भाजते. लहान मुलांच्या हाती ती देणे धोक्याचे. चिकू झाडावरून काढला तरी लगेच खाता येत नाही, तो पिकत घालावा लागतो. आणि सहा वर्षांच्या मुलाला ‘चार दिवसांनी खा’ असे सांगणे म्हणजे न सांगितल्यासारखेच आहे. द्राक्षांवर फवारण्या फार आणि घड कात्रीने कापायचे. लिंबाला आणि डाळिंबाला काटे. महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणारी कुटुंबे मुलांना स्ट्रॉबेरीच्या शेतात नेतात. ते रोप गुडघ्यापर्यंतही पोचत नाही, तेव्हा लहान मुलांना सोयीचे खरे. पण आमच्या मुलांना ते परवडणारे नाही आणि जवळही नाही. शेवटी राहिला तो पेरू, आणि मुलांसाठीच निर्माण केल्यासारखा वाटावा इतका तो सोयीचा निघाला.

पेरूचे झाड ठेंगणे. त्याला फळ येते ते नव्या फुटीवर, म्हणून बागाईतदार छाटणी करून झाड आटोपशीर ठेवतात आणि खालच्या फांद्या फळांच्या भाराने आणखी वाकतात. लाकूड चिवट असल्यामुळे फांदी सहजासहजी मोडत नाही. काटा नाही, अंगाला खाज आणणारा चीक नाही. फळ झाडावरच पिकते आणि तोडल्या क्षणी खाता येते. त्याच्या १०० ग्रॅम गरात ‘क’ जीवनसत्त्व सुमारे २०० मिलिग्रॅम असते, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट. हे मी पालकांच्या सभेत सांगतो. मुलांना सांगण्याची गरज पडत नाही.

हंगामाचाही योग जुळून येतो. पेरूला वर्षातून एकाहून अधिक बहार येतात. उन्हाळ्याच्या तोंडी फुललेल्या आंबे बहाराची फळे पावसाळ्यात हाती येतात. ती पाणचट लागतात आणि फळमाशीमुळे त्यांत अळ्या पडतात. मृगाच्या पावसावर फुललेल्या बहाराची फळे मात्र थंडीत, साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत तयार होतात. तीच सर्वांत गोड. म्हणूनच जाणते बागाईतदार उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि मृग बहार धरतात. दिवाळीची सुट्टी संपलेली, वार्षिक परीक्षा दूर, पावसाचा चिखल वाळलेला आणि ऊन कोवळे, असा शाळेचाही तोच काळ.

आम्ही ज्या बागेत जातो तेथील बहुतेक झाडे ‘सरदार’ पेरूची आहेत. याचे दुसरे नाव ‘लखनौ-४९’. नाव लखनौचे असले तरी हे वाण पुण्याचे आहे. लखनौहून आणलेल्या बियांपासून गणेशखिंडीच्या बागेत जी रोपे वाढवली, त्यांतून डॉ. चीमा यांनी १९२७ मध्ये हे एक झाड निवडले आणि त्याची कलमे पुढे देशभर पसरली. हे झाड उंच न जाता आडवे पसरते. एखाद्या मोठ्या झाडाखाली सात-आठ मुले सहज मावतात.

पेरू मूळचा आपला नाही, हेही येथे सांगायला हवे. तो अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर इकडे आला आणि त्याचे नावही पोर्तुगीज भाषेतले आहे. त्या भाषेत ‘पेरा’ म्हणजे नासपती. फळाच्या आकारावरून तेच नाव याला चिकटले असावे. कोकणीत ते ‘पेर’ झाले, मराठीत ‘पेरू’ आणि आमच्या बाजूच्या कानडीत ‘पेरल’. तीन शेजारणींनी एकाच परक्या पाहुण्याला आपापल्या परीने हाक मारावी, तसा हा प्रकार. सीमेवर कोणत्या शब्दावर कोणाचा हक्क यावरून तावातावाने वाद घालणाऱ्यांना मी अधूनमधून पेरूची ही वंशावळ ऐकवतो.

सहलीच्या आधी शिक्षकाने एकट्याने बागेत एक फेरी मारली पाहिजे. हे काम कोणावर सोपवू नये. पहिली चौकशी फवारणीची. शेवटची फवारणी केव्हा झाली आणि त्या औषधानंतर किती दिवस फळ तोडू नये, हे बागाईतदाराला स्पष्ट विचारावे. त्यात संकोच नको. शंका असेल तर तारीख पुढे ढकलावी. मग विहीर. आमच्याकडच्या पुष्कळ विहिरींना अजून कठडा नाही आणि शेततळ्याचा प्लॅस्टिक अंथरलेला उतार तर विहिरीहूनही फसवा, कारण त्यावरून घसरलेल्या मुलाला वर चढता येत नाही. विहीर किंवा शेततळे जेथे असेल ती बाजू मुलांना बंद, आणि तेथे एक मोठा माणूस शेवटपर्यंत उभा. मोटारीची पेटी, उघड्या तारा, गांधीलमाश्यांची पोळी, बांधावर केसाळ सुरवंट आहेत का, हे सारे डोळ्यांखालून घालावे. सहा-सात मुलांमागे एक मोठे माणूस असावे असा आमचा प्रघात आहे. त्यासाठी आम्ही पालकांतून आजी-आजोबांना बोलावतो. त्यांना वेळ असतो आणि घाई नसते. मुलांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेण्याची सूचना दरवर्षी कोणीतरी उत्साही गृहस्थ करतात आणि दरवर्षी आम्ही ती नाकारतो. बाग जवळ असेल तर चालत जावे, नाहीतर परिवहन मंडळाच्या बसने.

आणखी एक मुद्दा पैशाचा. ‘लहान मुले आहेत, चार पेरू फुकट देतील,’ असे गृहीत धरून बागेत जाणे मला अप्रशस्त वाटते. आमचे बागाईतदार पहिल्या वर्षी नाखूश होते आणि त्यांचे कारण रास्त होते. पूर्वी एका संस्थेची मोठी मुले येऊन गेली होती. त्यांनी झाडे हलवली, फांद्या ओरबाडल्या. पेरूच्या एकाच फांदीवर पिकलेले, अर्धे पिकलेले आणि लिंबाएवढे कच्चे फळ एका वेळी असते. फांदी गदागदा हलवली की आजच्या फळाबरोबर पुढच्या तीन आठवड्यांची तोडणीही खाली येते. तेव्हा आम्ही ठरवले की, तोडलेले प्रत्येक फळ तोलून बाजारभावाने पैसे द्यायचे आणि प्रत्येक मुलाने दोनच पेरू तोडायचे. एक बागेत बसून खाण्यासाठी, दुसरा घरी नेण्यासाठी.

ही दोनची अट प्रथम शिस्तीसाठी घातलेली होती. तिच्यातून किती गोष्टी निघाल्या, ते पुढे येईलच.

गेल्या मार्गशीर्षातील सहलीला सव्वीस मुले होती. थंडीच्या दिवसांत पानांवर दव असते, म्हणून आम्ही नवाच्या सुमारास बागेत शिरलो. मुलांनी प्रथम फळांकडे पाहिलेच नाही. त्यांचे लक्ष वेधले ते झाडांच्या सालीने. पेरूची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत, हिरवट-तपकिरी खोड दिसते. ‘‘सर, झाडाला खरूज झाली!’’ एकाने जाहीर केले. त्यावर सापाच्या कातेपासून आजोबांच्या पायाच्या भेगांपर्यंत सर्व उपमा निघाल्या. वर्गात ज्यांच्याकडून एक वाक्य काढता काढता घाम फुटतो, तीच ही मुले. आमच्या बाई मला म्हणाल्या, ‘‘थांबूया दहा मिनिटं. पेरू कुठं पळून जात नाहीत.’’ लहान मुलांच्या सहलीत मोठ्यांनी काय करावे, असे मला कोणी विचारले तर बाईंचे हे वाक्य मी सांगेन.

बागेच्या एका कोपऱ्यात नव्या, मोठ्या फळांच्या जातीची लागवड आहे. तेथे प्रत्येक फळाला फोमची जाळी आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी घातलेली असते, फळमाशी लागू नये आणि सालीवर डाग पडू नये म्हणून. मुलांना वाटले, पेरूला थंडी वाजते. त्यांचा हा समज लगेच खोडून काढण्याची आम्हाला गरज वाटली नाही. मात्र बागाईतदारांनी स्वतःच माशीची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की थंडीची गोष्ट तिच्यापुढे फिकी पडली.

बागाईतदार कानडीभाषक आहेत. मराठी समजते, बोलताना कानडी मिसळते. मुले फांदीला हात घालू लागली तसे ते मोठ्याने म्हणू लागले, ‘‘निधान, निधान!’’ कानडीत ‘निधान’ म्हणजे हळू, सावकाश. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, द्रव्याचा साठा. मुलांना दोन्ही अर्थ माहीत नव्हते. त्यांनी तो शब्द उचलला आणि दिवसभर एकमेकांना ‘निधान’ म्हणत राहिली.

त्यांच्याकडून मी स्वतःही एक शब्दभेद नव्याने ऐकला. ‘‘हे कायी, हे हण्णु,’’ असे ते मुलांना दाखवत होते. कानडीत कच्च्या फळाला ‘कायी’ आणि पिकलेल्याला ‘हण्णु’ अशी वेगळी नावेच आहेत, मग फळ कोणतेही असो. आपल्याकडे कच्च्या आंब्याला कैरी आणि कोवळ्या फणसाला कुयरी म्हणतात; पेरूच्या वाट्याला मात्र ‘कच्चा’ हे विशेषणच येते. तरीपण चिंच गाभुळते, आंब्याला पाड लागतो, ही आपली क्रियापदे काही कमी सुंदर नाहीत. ती पाठ्यपुस्तकात शिकवून येत नाहीत, कारण ज्याने गाभुळलेली चिंच दातांखाली धरली नाही त्याच्या लेखी त्या शब्दाला अर्थच नसतो. आज मराठी शाळांची पटसंख्या घटते म्हणून आपण चिंता करतो आणि ती योग्यच आहे. परंतु जी मुले अजून आपल्या वर्गात बसतात त्यांना हे शब्द आपण कोठे नेऊन दाखवतो, असाही प्रश्न विचारायला हवा.

पिकलेला पेरू ओळखायचा कसा? गडद हिरवा रंग फिका होऊन पिवळसर छटा येते, सालीला तकाकी चढते आणि नाक जवळ नेले तर वास येतो. रंग ओळखण्यात मुले चुकतात, वासात सहसा चुकत नाहीत. काही वेळातच सव्वीस नाके फांद्यांमधून फिरू लागली.

तोडण्याची खरी युक्ती मात्र आमच्यापैकी कोणाला सांगता आली नाही. मुले फळ धरून खाली ओढत होती. फांदी वाकत होती, फळ सुटत नव्हते. पलीकडच्या ओळीत काही बायका तोडणीच्या कामावर होत्या. पेरू पिकला की तीन-चार दिवसांत मऊ पडतो, म्हणून या दिवसांत एक-दोन दिवसाआड तोडणी चालते. त्या बायकांपैकी एक दुसरीतल्या एका मुलीची आई होती. हे आम्हाला आधी ठाऊक नव्हते. मुलगी वर्गात फार अबोल. त्या दिवशीही ती मागे मागेच राहत होती. आईला कामावर पाहून तिला काय वाटले असेल, या विचाराने मी थोडा अस्वस्थ झालो. ज्या बागेत बाकीची मुले मौजेसाठी आली होती, ती तिच्या घरच्या रोजगाराची जागा होती. सरकारी शाळेतील सहलीत ही गोष्ट विसरून चालत नाही.

आई मात्र जराही अवघडली नाही. टोपली खाली ठेवून ती आली आणि मुलांना म्हणाली, ‘‘ओढायचं नाही रे बाळांनो, पिळायचं. असं धरायचं, थोडं वर उचलायचं अन् फिरवायचं.’’ तिने फळ मुठीत घेतले, मनगट किंचित वळवले आणि देठ व एक पान यांसह ते अलगद सुटून आले. देठ ठेवायचा कशाला, असे एकाने विचारले. ‘‘देठ निघाला तर तिथून नासतं,’’ ती म्हणाली. मग ती कामाला परत गेली आणि पुढची शिकवणी तिच्या मुलीने चालवली. ती एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जाऊन एकेकाचे मनगट धरून दाखवत होती. बाईंनी तिला काही सांगितले नव्हते. वर्षभरात तिचा एवढा आवाज मी प्रथमच ऐकला.

दोनच पेरू तोडायचे म्हटल्यावर निवड आली. आणि निवड आली की लहान मूल विचार करू लागते. हवे तितके घ्या असे सांगितले असते तर पहिल्या पाच मिनिटांत पिशव्या भरल्या असत्या आणि उरलेला वेळ पाठशिवणीच्या खेळात गेला असता. येथे एकेक मूल पंधरा-पंधरा मिनिटे झाडाखाली फिरत होते. एका मुलाने अधीर होऊन पहिल्यानेच हाताला लागलेला कच्चा पेरू तोडला. तो इतका तुरट निघाला की त्याचे तोंड वाकडे झाले. मग त्याने दुसरा पेरू बागेत खायचा की घरी न्यायचा, यावर पुष्कळ विचार केला आणि घरी नेला. आम्ही त्याला तिसरा दिला नाही. बाईंचे मन द्रवले होते. परंतु त्याच्या दोन मित्रांनी आपल्या पेरूच्या फोडी त्याला देऊ केल्या आणि आमची मध्यस्थी अनावश्यक ठरली.

घरी नेण्याच्या पेरूची निवड तर ऐकण्यासारखी होती. एकीने सर्वांत मऊ पेरू घेतला, कारण ‘‘आजीला दात नाहीत.’’ दुसऱ्याने टणक घेतला, कारण बाबा शनिवारी येणार होते आणि तोवर तो टिकायला हवा होता. एकाने खूप शोधून सर्वांत मोठा घेतला आणि कारण सांगितले, ‘‘आम्ही घरात सातजण आहोत.’’

एका फांदीवर पोपटाने अर्धवट खाल्लेला पेरू होता. पोपटाचा उष्टा पेरू सर्वांत गोड, असे आम्ही लहानपणी मानत होतो आणि मिटक्या मारीत खातही होतो. आता तसे करू देणे योग्य नाही. २०१८ मध्ये शेजारच्या केरळात निपाहचा उद्रेक झाला, तेव्हापासून वटवाघळांनी वा पाखरांनी चोचावलेले फळ खाऊ नये, असे आरोग्य खाते सांगत आले आहे. मुलांना तेवढेच सांगितले आणि तो पेरू पोपटासाठी झाडावरच ठेवला. बाकीची फळे धुऊन घेतली. लहानांसाठी फोडी पातळ कराव्यात आणि खाताना धावू देऊ नये, कारण टणक फोड घशात अडकू शकते. आजोबांनी मीठ-तिखटाची पुडी आणली होती. त्या पुडीने माझ्या सर्व सूचनांपेक्षा अधिक शांतता प्रस्थापित केली.

फोडी करताना बाईंनी फळाच्या बुडाशी असलेली सुकलेली पाकळ्यांसारखी किनार दाखवली. ती फुलाच्या निदलांची खूण. सुदैवाने एका फांदीवर चुकार फूल होते, पांढरे, मधोमध केसरांचा झुबका असलेले. फूल एका हातात आणि पेरू दुसऱ्या हातात धरून मुलांनी ती किनार ताडून पाहिली. फुलापासून फळ तयार होते, हे वाक्य ती पाठ्यपुस्तकात वाचतीलच.

शेवटी तोलणे. सव्वीस मुलांचे दोन-दोन म्हणजे किती, हे दुसरीच्या मुलांनी पेरूंचे दहा-दहांचे ढीग करून काढले. म्हणून फळे खाण्याआधीच तोलून घेतली होती. बावन्न पेरू साडेआठ किलो भरले. बागाईतदारांनी पाव किलोचे पैसे सोडायला काढले, ते आम्ही दिले. एका मुलीने विचारले, ‘‘काका, इतक्या सगळ्या झाडांचे पेरू विकून तुम्ही श्रीमंत होता?’’ ते हसले, पण मग त्यांनी मुलांना खरेखुरे उत्तर दिले: तोडणीची मजुरी, गाडीभाडे, अडत, आणि ज्या दिवशी बाजारात माल फार येतो त्या दिवशीचा पडलेला भाव. ते उत्तर सर्वांना समजले असे नाही. सात-आठजण मात्र अगदी स्तब्ध राहून ऐकत होते. त्यांच्या घरी असे हिशोब रोज होत असावेत.

अशा सहलीला विरोध होतो, तो दोन बाजूंनी. पालक म्हणतात, पेरू बघायला शाळा कशाला बुडवायची? आणि वरिष्ठांपैकी एखादे गृहस्थ म्हणतात, काही झाले तर जबाबदार कोण? पालकांची समजूत पटवता येते. त्यांनाच सोबत नेले की प्रश्न मिटतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर नसते, कारण तो उत्तरासाठी विचारलेला नसतो. अपघातांच्या बातम्या वाचून अलीकडे परवानग्यांचे कागद वाढले आहेत. मुलांच्या जिवाची काळजी म्हणून ते वाढले असतील तर माझी तक्रार नाही. आम्ही सर्व कागद भरतो. पण त्या कागदांचा परिणाम विपरीत होतो. वर्षातून एकदाच कटकट करायची तर मोठी सहल काढू, असे शाळा ठरवते. लांबचा प्रवास, रात्रीची गाडी, समुद्र हे सारे तसेच चालू राहते आणि रद्द होते ती सर्वांत सुरक्षित अशी दीड कोसावरची बाग. मला माहीत असलेल्या एका शाळेने अशाच कारणाने लहानांची सहल बंद केली. त्याऐवजी फळ्यावर फळांचा तक्ता लावला आहे. तक्त्यावरचा पेरू लालभडक आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात घरी नेलेल्या पेरूंची हकिकत निघाली. आजीने मऊ पेरू चमच्याने खाल्ला. सातजणांच्या घरात सात फोडी झाल्या आणि आठवी फोड कोणाची यावर भांडण झाले. बाबांसाठी ठेवलेला टणक पेरू शनिवारपर्यंत टिकला. एका मुलाच्या आईने पेरू देवापुढे ठेवला होता. तो तेथे विसरला गेला आणि चौथ्या दिवशी घरभर वास सुटला. मुलाने तो मऊ झालेला पेरू कागदात गुंडाळून शाळेत आणला. आम्ही गर धुऊन बिया काढल्या, दोनशेपर्यंत मोजल्या आणि मग मोजणे सोडून दिले. फुटक्या बादलीत माती भरून त्यांतल्या काही पेरल्या आहेत. बियांपासून आलेले झाड आईबापासारखेच फळ देईल याची खात्री नसते, असे बागाईतदारांनी मुलांना बजावून ठेवले होते. गणेशखिंडीतले ते झाड असेच वेगळे निघाले होते. आतापर्यंत पाच रोपे वर आली आहेत. बादलीवर मुलांनी काटक्यांचे कुंपण केले आहे, कारण शाळेच्या आवारात शेजाऱ्यांची शेळी येते.